विहिरीवरच्या सात बाया

तुमच्या रानात जुनी विहीर असेल तर तिच्या काठी, थारोळ्याजवळ किंवा आतल्या कोनाड्यात, शेंदूर लावलेले सात लहान दगड बहुधा असतीलच. कोणी त्यांना साती आसरा म्हणते, कोणी मावलाया म्हणते, आणि घरातल्या म्हाताऱ्या नाव न घेता नुसते ‘पाण्यातल्या बाया’ म्हणतात. त्यांना देऊळ नाही, पुजारी नाही, जत्राही नाही. विहिरीला पाणी लागले की नारळ, खण आणि हिरव्या बांगड्या, सणावाराला नैवेद्य, आणि बाळंतीण सव्वा महिन्याने पहिल्यांदा पाण्याला गेली की हळदकुंकू. एवढाच त्यांचा मान.

आपल्याला हे दगड इतके सवयीचे झाले आहेत की ते दिसेनासे झाले आहेत. पण मोठमोठी विद्वान माणसे वही-पेन्सिल घेऊन याच दगडांपुढे येऊन बसली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? दामोदर धर्मानंद कोसंबी हे मूळचे गोव्याचे, पेशाने गणिताचे प्राध्यापक. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या आणि पाऊलवाटा त्यांनी पायी तुडवल्या. वाटेवरच्या शेंदराच्या दगडांजवळ थांबून त्यांनी धनगरांना, गुराख्यांना, बायाबापड्यांना प्रश्न विचारले आणि १९६२ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. गुंथर सोन्थायमर हे जर्मनीचे. ते आपल्या धनगरांच्या वाड्यांवर हिंडले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचे त्यांचे जर्मन पुस्तक १९७६ साली निघाले. ॲन फेल्डहाउस या अमेरिकेच्या बाईंनी महाराष्ट्रातल्या नद्यांचा अभ्यास केला. आपण नदीची ओटी का भरतो, तिला साडी का नेसवतो, पाण्यातल्या देवता साऱ्या बायकाच का, यावर त्यांनी १९९५ साली एक सबंध ग्रंथ लिहिला. त्यात साती आसराही आहेत.

या विद्येला मानवशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, पण काम साधे आहे. एखादी समजूत खरी की खोटी, हा प्रश्न हे लोक आधी विचारत नाहीत. ते विचारतात, ही समजूत कोण पाळते? केव्हा पाळते? तिच्यामुळे कोण जवळ येते आणि कोण बाहेर राहते? आणि ती मोडली तर घरात, गावात काय बदलते? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे शिकवले. मुलांना गणित-भूगोल शिकवला, पण हे प्रश्न मला कोणत्या क्रमिक पुस्तकात भेटले नाहीत. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा भेटले. ते आपल्याच घरच्या विहिरीला विचारून पाहावेत असे मला वाटले. त्यातून जे हाती आले ते तुमच्यापुढे ठेवते.

आमचे गाव पारनेर तालुक्यात, कान्हूर पठाराच्या अंगाला. जमीन मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. बाजरी, मूग, मटकी ही जुनी पिके. विहिरीला पाणी राहिले तर कांदा, नाही तर घरातला एखादा पोरगा मुंबईला. आमची विहीर सासऱ्यांनी आणि गावातल्या पाथरवटांनी १९५८-५९ साली खोदली. तिने मोट पाहिली, ऑइल इंजिन पाहिले, विजेची मोटर पाहिली. १९७२ च्या दुष्काळात तिचा तळ दिसला होता, आणि घरची माणसे खडी फोडायला कामावर गेली होती, असे सासूबाई सांगतात. मी १९७८ साली सून म्हणून या घरात आले तेव्हा त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच बजावले, “भर दुपारी एकटीनं विहिरीवर जायचं न्हाई. बाया अंग धुत असत्यात.”

आता पहिला प्रश्न विचारू. ही समजूत काय काम करत होती? आमच्या विहिरीला तेव्हा कठडा नव्हता. दुपारी रानात माणूस नसते. धुणे धुताना बाई घसरली किंवा पोर डोकावले, तर हाक ऐकणारे कोणी नाही. ज्या वेळी विहीर सर्वांत धोक्याची, नेमक्या त्याच वेळी बाया अंग धुतात. आमच्या आज्या-पणज्यांनी दगडाचा कठडा बांधण्याआधी भीतीचा कठडा बांधला होता, असे मी म्हणेन. बाया रागावल्या तर माणूस ओढून नेतात आणि संतोषल्या तर लेकरू देतात. पाणीही आपल्याला असेच दोन्ही अंगांनी ठाऊक आहे.

लेकराच्या जिवाची ही काळजी आपल्या जिल्ह्यात किती जुनी आहे, ते ऐका. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली उत्खनन झाले. पुढे नेवाशालाही झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया यांचे ते काम. नेवाशाला तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली मातीची भांडी सापडली. दोन भांडी तोंडाला तोंड लावून आडवी पुरलेली, आणि आत लहान मुलांचे अवशेष. गेलेले लेकरू त्या आयांनी गावाबाहेर नेले नाही, घरातच, पायाखालच्या जमिनीत ठेवले. त्यांची भाषा आपल्याला ठाऊक नाही, देवांची नावे ठाऊक नाहीत, पण त्यांच्या मनात काय असेल हे आईला सांगावे लागत नाही. पाचवीला सटवाईची पूजा करणारी आपली आजी काही त्यांच्यापासून फार लांबची नव्हती.

दुसरा प्रश्न. समजुतीमुळे कोण जवळ येत होते? आमच्या विहिरीत तीन भावांचे हिस्से आहेत, सातबाऱ्यावर तशी नोंद आहे. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. भाऊ भांडत, बोलणे बंद होई, पण आषाढात बायांना नैवेद्य एकच जाई. तो तिन्ही चुलींवर मिळून शिजे. त्या दिवशी जावा-जावांना बोलावेच लागे. पुढे १९९६ साली आमच्या वाट्याच्या रानात पहिली बोअर झाली. दोन-तीन वर्षांत दिरांनीही घेतल्या. पाळी संपली तशी पाळीवरची भांडणेही संपली, हे खरे. पण त्याबरोबर बोलणेही संपले. विहिरीत पाणी किती आहे हे साऱ्यांना दिसते, किती पायऱ्या उघड्या पडल्या ते पोरसुद्धा सांगते. बोअरमधले पाणी कोणालाच दिसत नाही. त्यामुळे कोणी किती उपसले याचा हिशोब राहत नाही. २००३ च्या टंचाईत आमची विहीर कोरडी पडली आणि त्यानंतर तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हे ओळखले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, असा नियम त्या गावाने स्वतःवर घालून घेतला. दर वर्षी पाऊस किती पडला ते मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची, हाही तिथला शिरस्ता. तो देवाच्या भीतीवर उभा नाही, मोजमापावर उभा आहे. पण काम तेच आहे. पाणी एकट्याचे नाही, याची आठवण ठेवण्याचे.

तिसरा प्रश्न अवघड आहे, आणि तो टाळून चालणार नाही. समजुतीमुळे कोण बाहेर राहत होते? विहिरीचा काठ जसा सात बायांचा होता, तसा तो गावाच्या उतरंडीचाही होता. ज्यांना पाण्याला हात लावू दिला जात नव्हता त्यांना कोणी तरी वरून ओंजळीत पाणी घालेपर्यंत ताटकळावे लागे. त्या काठाविरुद्ध १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. बाई आजारी पडली की ‘बायांचे लागले’ म्हणून दवाखान्याऐवजी देवऋषाकडे नेत, आणि त्यात कित्येकींचे दिवस वाया गेले. आणि ज्या बायांनी लेकरू द्यायचे, त्यांच्या पूजेला जिला मूल नाही ती नको आणि जिचा नवरा गेला ती तर नकोच नको.

हे तिसरे आमच्या घरातच होते. माझी धाकटी जाऊ १९८६ साली विधवा झाली. पदरात दोन मुले. तेव्हापासून ती नैवेद्याचे पुरण वाटत असे, पोळ्या लाटत असे, पण विहिरीवर येत नसे. आम्ही निघालो की ती चुलीपाशी भांडी आवरायला लागे. तिला कोणी ‘येऊ नको’ म्हटले नव्हते. म्हणण्याची गरजच नव्हती.

२०२१ च्या हिवाळ्यात माझ्या मुलाने विषय काढला. कोरडी विहीर धोक्याची, तिच्यात साप-विंचू, उद्या घरात पोर रांगायला लागेल, त्यापेक्षा बुजवून टाकू आणि दोन गुंठे जमीन मोकळी करू. म्हणणे चुकीचे नव्हते. दिरांचीही संमती होती. सासूबाई ओसरीवर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “बुजवा की बाबांनो. पर आदी त्या बाया कुटं जायच्या ते सांगा.”

मुले हसली. मला हसू आले नाही. बाया म्हणजे दगड नव्हेत, हे त्या जाणून होत्या. तीन घरांना एकत्र आणणारी ती एकच जागा उरली होती. ती बुजली की भावकी केवळ सातबाऱ्यावर राहिली असती. बोलणी महिनाभर चालली. शेवटी विहीर बुजवायची नाही, गाळ काढून पुनर्भरण करायचे असे ठरले. ओघळीचे पाणी आधी एका खड्ड्यात घ्यायचे. खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू. तेथून गाळलेले पाणी नळीने विहिरीत सोडायचे. खतऔषध मारलेल्या रानाचे पाणी आणि पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आत जाऊ द्यायचे नाही. भोवती कमरेइतका कठडा आणि वर जाळी. खर्च तिघांनी मिळून करायचा. २०२२ च्या उन्हाळ्यात काम झाले.

त्याच उन्हाळ्यात मला नातू झाला. सव्वा महिना भरला तेव्हा सून म्हणाली, “माझी न्हाणी धाकट्या काकूंनी केली. बाळाला रोज तेल त्यांनी लावलं. विहिरीवर माझी ओटी त्यांनीच भरायची.” घर गप्प झाले. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला होता आणि शासनानेही त्याच महिन्यात इतर गावांना तसे करण्याचे आवाहन केले होते. ती बातमी आम्ही वाचली होती. पण वर्तमानपत्रातली बातमी वेगळी आणि आपल्या उंबऱ्यातली गोष्ट वेगळी.

जाऊ आत निघून गेली. सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिले. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, साऱ्या रीतीभाती जिने आम्हाला शिकवल्या. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्या सात बायांना तरी कुटं दादले हाईत? भाऊ म्हसोबा, एवढंच त्यांचं माणूस. बोलवा तिला.”

पाहा मंडळी, आसरांना नवरे नाहीत, त्या एकट्या फिरतात आणि भाऊ म्हणून म्हसोबा त्यांच्यासोबत असतो, हे या विद्वानांनीही टिपून ठेवले आहे. पण त्यातून काय घ्यायचे, हे आमच्या निरक्षर सासूबाईंनी ठरवले. जावेने ओटी भरली. छत्तीस वर्षांनी ती विहिरीवर आली होती. भावकीतल्या दोघीतिघी प्रसाद न घेता निघून गेल्या, आणि त्यातली एक अजूनही आमच्याकडे हळदकुंकवाला येत नाही. बदल असा फुकट होत नाही. त्याची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. पण पुढच्या आषाढात नैवेद्य तीन चुलींवर शिजला आणि तो घेऊन जाऊ सर्वांच्या पुढे चालली.

जुने ते सारे अडाणीपणाचे, असे म्हणून टाकून देणे सोपे आहे. जुने ते सारे थोर, असे म्हणून कवटाळणेही सोपे आहे. अवघड काम निवडण्याचे आहे. सुपात धान्य घेऊन आपण तेच करतो, दाणा ठेवतो आणि कोंडा उडवतो. बायांची भीती उडाली तरी कठडा राहिला पाहिजे. देवऋषी गेला तरी आजारी सुनेची विचारपूस राहिली पाहिजे. आणि ओटी राहायची असेल, तर ती भरणारीच्या कपाळाकडे पाहणे गेले पाहिजे.

तुम्हाला एक विनंती करते. तुमच्या घरात सत्तरीपुढचे माणूस असेल तर या पावसाळ्यात, काम नसेल त्या दुपारी, त्याच्याजवळ बसा. आपली विहीर कोणी खोदली, पहिला नारळ कोणी फोडला, कोणाला काठावर येऊ देत नव्हते, हे विचारा. मुलांच्या शाळेच्या वहीत लिहून ठेवा, तारीख घाला. लांबून आलेल्या विद्वानांनी आपली दैवते लिहून नेली, त्यांचे उपकार आहेत. पण आपल्या विहिरीचा हिशोब आपल्याही वहीत असावा. आणि उत्तरे ऐकताना शेवटच्या प्रश्नाशी थोडे जास्त थांबा. कारण ज्यांना येऊ देत नव्हते, त्यांच्यातले कोणी तरी अजून तुमच्या चुलीपाशी भांडी आवरत असेल.