काठ ओलांडणारी फांदी

‘चिनी माती’ हा शब्द आमच्या घरांत इतका रुळला आहे, की त्यातला चीन आता कोणाला आठवत नाही. लोणच्याची बरणी चिनी मातीची, पाहुण्यांपुढे येणारी कपबशी चिनी मातीची. बंगळूरात तर म्हैसूर संस्थानाच्या अमदानीत याच जातीच्या मातीचा सरकारी कारखाना निघाला आणि विजेच्या तारांना आधार देणारे पांढरे विद्युतरोधक तेथे घडू लागले. पण या मातीचे राजवैभव पाहावयाचे, तर रजेवर जाताना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी भांड्यांपुढे घटकाभर उभे राहावे.

अठराव्या शतकातील योंगझेंग बादशहाच्या (१७२३–१७३५) काळचे वाडगे विशेष नाजूक मानले जातात. त्यांतल्या काहींवरील फुलांची फांदी बाहेरच्या अंगाने वर चढते, काठ ओलांडते आणि आत उतरून फुलते. फुलांच्या गुलाबी छटेत सोन्याचा अंश असतो. वाडगा उपडा केला की तळाशी निळी सहा अक्षरे दिसतात: राजवंश, बादशहाचे कालनाम आणि ‘घडविले’ एवढेच. कोणी घडविले, हे तेथे नसते.

ही शाही भांडी च्यांगशी प्रांतातील जिंगदझेन गावी होत. तेथील भट्ट्यांवर १७२८ मध्ये बीजिंगच्या दरबारातून तांग यिंग नावाचा अंमलदार नेमला गेला. वय पंचेचाळिशीपुढचे, राजधानी दूर राहिलेली आणि कामाचे ज्ञान शून्य. हे शेवटचे त्यानेच लिहून ठेवले आहे. अशा वेळी जुन्या फायली चाळीत दिवस काढणे काही अवघड नव्हते. त्याने मात्र भेटीगाठी बंद केल्या आणि तीन वर्षे कारागिरांबरोबरच जेवणखाण व विश्रांती ठेवली. पूर्वी कारागीर सांगतील त्याला मान डोलवावी लागे. पुढे तो स्वतः त्यांना चार गोष्टी सुचवू लागला. १७४३ मध्ये छ्यानलोंग बादशहाच्या आज्ञेने त्याने वीस चित्रांवर या धंद्याचे विवरण लिहिले. फुलाची रेघ ओढणारा वेगळा आणि रंग भरणारा वेगळा, हे त्यात नमूद आहे.

याच गावात त्याच्या आधी दुसऱ्या तऱ्हेचे अंमलदारही होऊन गेले होते. वान्ली बादशहाच्या काळी (१५७३–१६२०) नक्षीचे प्रचंड रांजण भट्टीत साधेनात आणि वरून जाच वाढत चालला. तेव्हा थोंग बिन नावाच्या कुंभाराने आगीत उडी घेतली, अशी कथा आहे. कारागिरांनी त्याला भट्टीचा देव मानले. तसाच एक फसलेला रांजण अडगळीत पडला होता. तांग यिंगने तो उचलवून १७३० मध्ये त्या देवाच्या देवळाशी मानाने बसविला. सरकारी दप्तरात ज्या वस्तूची नोंद ‘निकामी’ एवढीच झाली असती, तिच्यात त्याला एका माणसाचे प्राण दिसले. तीन वर्षांच्या सहवासाचे हे फळ म्हटले पाहिजे.

आम्हां बदलीच्या माणसांना ही हकीकत दूरची वाटू नये. आमच्या कामावरही शिक्का सरकारचाच उमटतो. बंगळूरात मंडळ आहे, गणेशोत्सव आहे, पुण्याहून येणारी भाजणी आहे. ‘कन्नड गोत्तिल्ला’ एवढ्या दोन शब्दांवर येथे सारी नोकरी निभावून जाऊ शकते. पण निभावणे वेगळे आणि जाणणे वेगळे. कचेरीच्या दारात अर्ज घेऊन उभा असलेला शेतकरी आपले गाऱ्हाणे ज्या शब्दांत मांडतो, ते शब्द कानी पडून मनात उतरले नाहीत, तर त्याच्या अर्जावरील आमचा शेरा बिनचूक असूनही अपुरा राहतो. वास्तविक ही भाषा आम्हांला इतकी परकी तरी कोठे आहे? अण्णा आणि अक्का ही घरची संबोधने आमच्याकडे कन्नडातूनच आली, असे भाषापंडित मानतात. आमच्या कितीतरी आधी शब्दांनी हा काठ ओलांडलेला आहे.

तांग यिंग १७५६ मध्ये वारला. त्याच्या देखरेखीखाली झालेल्या भांड्यांच्या तळाशी नाव बादशहाचेच आहे. जाणकार मात्र त्यांना आजही ‘तांगची भट्टी’ म्हणून ओळखतात.