दात आहेत तोवर

मराठी भाषेने दातांवर फार प्रेम केले आहे, असे मला नेहमी वाटते. आपण रागावलो की दात-ओठ खातो, घाबरलो की आपली दातखीळ बसते, हरलो की दाती तृण धरतो आणि दुसऱ्याची फजिती झाली की खुशाल दात काढतो. कुणाचा सूड घ्यायचा असेल तर त्याच्यावर दात धरतो. काटकसर करणाऱ्याला दात कोरून पोट भरत नाही, हे सुनावायलाही विसरत नाही. पण वाचकहो, या एवढ्या पसाऱ्यात दात घासावेत कशाने आणि कसे, याविषयी मात्र चकार शब्द नाही! तो प्रश्न आपल्या पूर्वजांनी बहुधा बाभळीवर आणि कडुनिंबावर सोपवला असावा.

आमच्या घरात या प्रश्नाची तीन पिढ्यांची तीन उत्तरे नांदत होती. आज्जी लहानपणी राखुंडीने दात घासायची. पुढे तिला मिश्रीची सवय लागली. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो उग्र, खोकला आणणारा वास माझ्या बालपणाचाच एक भाग आहे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. पण बंदी कारखान्याला होते, आज्जीच्या तव्याला कोण बंदी करणार? आप्पा ब्रशाचे. आणि मी दुकानात जो रंग आवडेल त्या ब्रशाचा.

ब्रश ही वस्तू आपल्याला विलायती वाटते, पण डुकराच्या राठ केसांचे ब्रश पंधराव्या शतकातच चीनमध्ये होते. इंग्लंडमध्ये १७८०च्या सुमारास विल्यम ॲडिस याने हाडाच्या दांड्याला केस बसवून ब्रश विकायला सुरुवात केली. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा ब्रश बाजारात आला आणि डुकरांची या कामातून बहुतांशी सुटका झाली. आरंभीचे नायलॉन भलतेच ताठ होते. मऊ तंतू पुढे आले. तंतू मऊ झाले, पण माणसाच्या मनातला ब्रश मात्र ताठच राहिला. 'जोरात घासल्याशिवाय साफ होत नाही' ही समजूत काही गेली नाही.

या समजुतीचे आमच्या घरचे पीठाधीश म्हणजे आप्पा. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत त्यांनी तीस वर्षे कास्टिंग साफ करण्याचे काम केले. साच्यातून निघालेल्या लोखंडावरची वाळू आणि कंगोरे घासून काढायचे, तेव्हा कुठे खालचा धातू चमकायचा. तोच न्याय ते दातांना लावत. बाजारातला सर्वांत कडक ब्रश आणायचा आणि न्हाणीघरात उभे राहून दहा-दहा मिनिटे आडवा चालवायचा. तो आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. आम्ही हसत असू. पण त्या घासण्यामागे एक भीती होती, हे मला फार उशिरा कळले. पन्नाशी उलटण्याच्या आतच आज्जीचे वरचे सगळे दात गेले होते. भाकरी दुधात कुस्करून गिळणारी आई आप्पांनी तरुणपणी रोज पाहिली होती आणि आपले असे होऊ द्यायचे नाही, हे मनाशी पक्के केले होते.

गेल्या वर्षी त्यांनी माठातले पाणी पिणे सोडले. मग पेरू सोडला, ऊस सोडला. विचारले तर म्हणत, 'आता नको वाटतं.' एके दिवशी थंड पाण्याने चूळ भरताना त्यांचा चेहरा कसा झाला ते मी पाहिले आणि त्यांना जवळजवळ ओढतच दंतवैद्यांकडे नेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आरशात आप्पांना त्यांचेच दात दाखवले. कीड एकाही दाताला नव्हती. पण हिरड्या मागे सरल्या होत्या आणि हिरडीलगत दातांना खाचा पडल्या होत्या. डाव्या बाजूला अधिक खोल. 'उजव्या हातानं घासता ना? जोर त्या बाजूला जास्त पडतो,' त्या म्हणाल्या, 'काका, हे दात आहेत, फरशी नव्हे.'

आप्पा काही बोलले नाहीत. जे वाचवण्यासाठी आयुष्यभर घासले, तेच घासून झिजले, हे पचवायला माणसाला वेळ लागतोच. थोड्या वेळाने त्यांनी एवढेच विचारले, 'म्हणजे जाणार काय हे?' साठ वर्षांच्या त्या आवाजात मला एक लहान मुलगा ऐकू आला.

'जाणार नाहीत, पण आता जपायचे,' असे सांगून बाईंनी जे समजावले ते थोडक्यात असे. दाताचे वरचे वेष्टण, म्हणजे एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण हिरडीखाली लपलेले दाताचे मूळ त्यामानाने मऊ असते. हिरडी सरली की ते उघडे पडते आणि घासले की झिजते. आता ज्याच्याशी आपण लढतो, तो जंतूंचा थर तर अगदी मऊ, चिकट. तो काढायला जोर लागतच नाही. ब्रश तिथवर पोचावा लागतो. थर तसाच राहून त्याचे दगडासारखे किटण झाले, तर ते कोणत्याही ब्रशाने निघत नाही. ते काम दवाखान्याचे. अमेरिकेतले डॉ. चार्ल्स बास हे दंतवैद्य नव्हते, साधे वैद्य होते; त्यांनी १९५०च्या आसपास एक रीत सांगितली, ती आजही शिकवतात. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत तिरका टेकवायचा आणि जागच्या जागी हलके हलके थरथरवायचा. दोन मिनिटे, दिवसातून दोनदा. त्यातली एक वेळ रात्री झोपण्यापूर्वीची.

बाहेर पडून आम्ही खडेबाजारातल्या एका दुकानात गेलो. तिथे भिंतभर ब्रश टांगलेले. कुणाला वाकडी मान, कुणाला नागमोडी तंतू, कुणाला जीभ खरवडायची पाठ. अशा वेळी आपण विचारतो, 'यातला चांगला कोणता?' त्या दिवशी मला उमगले की हा प्रश्नच अपुरा आहे. 'कुणासाठी?' असे विचारले की निम्मे ब्रश आपोआप गळून पडतात.

आप्पांसाठी सर्वांत मऊ तंतूंचा, टोके गोल केलेला. माझे खालचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले. मला लहान डोक्याचा, म्हणजे तो मागच्या दाढेपर्यंत वळतो. चार वर्षांच्या भाच्यासाठी इवल्या डोक्याचा आणि जाड मुठीचा. त्यावर फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, आणि घासताना शेजारी मोठे माणूस हवेच. आज्जीची बोटे संधिवाताने आखडलेली. तिच्यासाठी विजेवर चालणारा ब्रश बरा, असे बाई म्हणाल्या होत्या. २०१४ साली कॉक्रेन संस्थेने अनेक चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात अशा ब्रशाने तीन महिन्यांनंतर दातांवरचा थर साध्या ब्रशापेक्षा २१ टक्के आणि हिरड्यांचा दाह ११ टक्के कमी आढळला. पण किंमत ऐकून आज्जीनेच नको म्हटले असते. तेव्हा तिच्यासाठी साधा मऊ ब्रश घेतला आणि घरी त्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची धुतलेली पट्टी गुंडाळून मूठ जाड केली. ती तिच्या हातात नेमकी बसली. चारही ब्रश मिळून खर्च म्हणाल तर एका सिनेमाच्या तिकिटाएवढा. तंतू पिंजारले की, नाहीतर तीन-चार महिन्यांनी, बदलायचे. एवढाच पुढचा खर्च.

आप्पांनी दुकानदाराला कानडीत सांगितले होते, 'मेत्तगिंदु कोडरी', मऊ द्या. म्हातारा दुकानदार हसून म्हणाला, 'हल्लिद्दाग कडले इल्ल, कडले इद्दाग हल्लिल्ल.' आप्पांनी क्षणाचाही विलंब न लावता मराठीत उत्तर दिले, 'दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आहेत तर दात नाहीत!' शब्दाला शब्द तीच म्हण! आमच्या गावात पाट्यांवरून माणसे भांडतात. पण दात दोन्ही भाषांत सारखेच दुखतात आणि सारख्याच उशिरा आठवतात.

तेव्हापासून आप्पा लेखणी धरावी तसा ब्रश बोटांच्या टोकांत धरतात. मुठीत धरला की जोर आपोआप येतो. सुरुवातीला त्यांना काही घासल्यासारखेच वाटेना. खाचा बाईंनी भरून दिल्या. सरलेली हिरडी मात्र आपण होऊन परत येत नाही, हेही स्पष्ट सांगितले. आज्जीने ब्रश स्वीकारला आहे. मिश्री सोडवण्याचे आमचे भांडण अजून चालू आहे. 'दात गेले, तेवढी मिश्री राहिली, तिलाही घालवा,' म्हणते. तिच्या गालांची आतली बाजू बाई दर वेळी बॅटरी लावून निरखून पाहतात, तेव्हा आम्ही सारे श्वास रोखून बसतो.

आप्पांच्या पिढीने जे जे जपले ते कष्टाने, घाम गाळून जपले. हलक्या हातानेही काही राखता येते, यावर त्यांचा विश्वास बसणे सोपे नव्हते. म्हणून मित्रहो, पुढच्या वेळी ब्रश घ्याल तेव्हा स्वतःपुरता घेऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांचा ब्रश एकदा हातात घेऊन बघा. त्याचे तंतू चारी दिशांना पिंजारलेले असतील, तर त्या माणसाला थंड पाणी सोसते का, एवढे जरूर विचारा. न विचारता ते सांगणार नाहीत.