मास्तरांची साखळी

शिष्याच्या कीर्तीवरून गुरूची योग्यता ठरविण्याची जगाची रीत फार जुनी आहे. मालवणात जन्मलेले रमाकांत आचरेकर मुंबईस शिवाजी पार्कावर मुलांना क्रिकेट शिकवीत, यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत, आणि दिवसभर बाद न झालेल्या सचिन तेंडुलकरास ते बक्षीस मिळे, ही कथा आज घरोघर ठाऊक आहे. १९९० साली त्यांस द्रोणाचार्य पुरस्कार लाभला, आणि २०१९ साली ते निवर्तले तेव्हा साऱ्या देशाने त्यांचे स्मरण केले. हे योग्यच झाले. परंतु ज्या गुरूच्या पदरी असा एकही शिष्य पडला नाही, त्याच्या विद्येचे मोल कोणत्या मापाने करावयाचे? ज्यांच्या हाताखाली आम्ही हुतुतू शिकलो त्यांची आठवण निघाली की हा प्रश्न आमच्या मनात उभा राहतो.

आमचे गाव देवगड तालुक्यातले, खाडीच्या तोंडाशी वसलेले. वरच्या अंगास शेतकऱ्यांच्या व भटजींच्या वाड्या, खाली पुळणीलगत कोळ्या-गाबितांची वस्ती, आणि ओढ्यापलीकडे महारवाडा, अशी त्याची जुनी मांडणी. साठीच्या दशकात, छातीच्या दुखण्याने गिरणीतले काम सोडून, एक साचेवाले गृहस्थ मुंबईहून या गावी परतले. लालबाग-परळच्या चाळींत तेव्हा व्यायामशाळांची आणि खेळाच्या मंडळांची रेलचेल होती. तेथेच त्यांनी हुतुतूत नाव कमावले होते. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकविले नाही, तरी सारा गाव त्यांस मास्तर म्हणे. चार हापूस कलमे आणि थोडी भाताची जमीन, एवढीच त्यांची मिळकत. खेळ शिकविण्याबद्दल त्यांनी कोणाकडून दिडकीही घेतली नाही.

भातकापणी उरकली की एखादे खाचर मोकळे होई. ढेकळे फोडावयाची, पाणी मारून जमीन चोपावयाची आणि चुलीतल्या राखेने रेषा आखावयाच्या, की आमचे क्रीडांगण तयार. तालमीची त्यांची पद्धत मात्र न्यारी होती. पहाटे पुळणीवर कोळी रापण ओढू लागले, की मास्तर आम्हां सर्वांस तिकडे पिटाळीत. रापणीचे जाळे होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून माणसे ओढतात. एकट्याच्या जोराचे तेथे काही चालत नाही. सर्वांचे पाय एका वेळी वाळूत रोवले जावे लागतात. ज्याने दोरास हात लावला त्यास माशांचा वाटा मिळावयाचा, हा त्या किनाऱ्याचा रिवाज. सोवळ्या घरांतली मुले आपला वाटा शेजारच्यास देऊन टाकीत. परंतु दोरास हात लावल्याखेरीज संध्याकाळी मैदानात पाऊल टाकण्याची सोय नव्हती.

खरी कसोटी पुढेच होती. हुतुतूत चढाई करणारा एकटा येतो, आणि त्यास पकडणारे दोघे-दोघे, तिघे-तिघे हात धरून साखळी करतात. ही साखळी जुळविताना मास्तर एका वाडीतली दोन मुले कधीही जवळ उभी करीत नसत. भटजींच्या मुलाचा हात कोळ्याच्या मुलाच्या हाती, आणि त्याचा दुसरा हात महारवाड्यातल्या मुलाच्या हाती. प्रथम प्रथम मुले बोटांची टोकेच काय ती एकमेकांत अडकवीत. मास्तर ओरडत, "हात घट्ट धर, आडनाव मगे इचार!" बोटांत अडकलेली साखळी पहिल्याच हिसक्यास तुटे, आणि सुटलेल्या हाताची शिक्षा साऱ्या बाजूस भोगावी लागे. चार संध्याकाळ असे हरल्यावर पकड आपोआप घट्ट झाली.

गावात यावरून कुरबुर झाली. चार वडीलधारे मास्तरांच्या अंगणात येऊन बसले आणि घरात आल्यावर मुलांना आंघोळी घालून घालून विहिरी आटतील, अशा अर्थाचे बोलले. मास्तरांनी त्यांस पानसुपारी दिली, सर्व ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "साखळी सुटली की डाव गेलो, भाऊनू. दुसरी रीत माका येणा नाय." त्यांनी समतेवर व्याख्यान दिले असते तर वादास तोंड फुटले असते, खेळाच्या नियमाशी वाद कोण घालणार? शेजारच्या गावास आपण हरवावे ही इच्छा त्या वडीलधाऱ्यांसही होतीच.

मास्तरांचा एक नियम आम्हांस अतिशय जड गेला. दम सुटला किंवा अंगास स्पर्श झाला, तर पंचाच्या शिट्टीची वाट न पाहता आपण होऊन बाहेर जावयाचे. एका अटीतटीच्या सामन्यात आमचा गडी असाच बाहेर गेला आणि आम्ही सामना गमावला. परतीच्या होडीत मास्तरांनी त्या मुलास आपल्याशेजारी बसविले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी इतरांशी ते एक शब्द बोलले नाहीत.

त्यांचा संघ कधी दोन वर्षांपेक्षा अधिक टिकला नाही. मुलगा तयार झाला की त्याची ट्रंक भरली जाई आणि तो चाकरमानी होऊन मुंबईस जाई. मास्तर त्यास निरोप देत आणि दुसऱ्या दिवशी नव्या पोरांना दम धरावयास शिकवू लागत. १९९० साली पेकिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला आणि भारताने सुवर्णपदक मिळविले. २०१४ पासून तर या खेळाचे सामने दूरचित्रवाणीवर रंगू लागले. या वैभवाच्या वाटेवर आमच्या गावाचा एकही गडी पोहोचला नाही.

पण १९८२ साल आम्ही पाहिले आहे. त्या वर्षी १८ जानेवारीस मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि महिने लोटू लागले तसे अनेकजण कोकणातल्या आपापल्या गावी परतले. आमच्या गावीही आले. त्यांत मास्तरांचे जुने गडी होते. तिशी-चाळिशीचे, पोरेबाळे असलेले, हात रिकामे असलेले. मास्तरांनी त्यांस उपदेश केला नाही. पाऊस सरल्यावर त्यांनी राखेने रेषा आखल्या आणि संध्याकाळी त्यांस खेळावयास बोलाविले. पहाटे रापणीवर धाडले. दोरास हात लागला, वाटा मिळाला. त्या हंगामात वरच्या वाडीतून भाताच्या पायल्या खाली गेल्या आणि खालच्या वस्तीतून बांगड्यांच्या माळा वर आल्या. महारवाड्यातल्या ज्या दोन घरांत चूल पेटण्याची पंचाईत होती, तेथे आमच्या साखळीतला भटजींचा मुलगा स्वतः तांदूळ घेऊन गेला, ओट्यावर बसला आणि पाणी प्याला.

या एका वर्षाने गाव पालटला, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. देवळातल्या मानपानाचे तंटे चालूच राहिले; सोयरिकी जेथल्या तेथेच होत राहिल्या. तथापि ज्यांनी लहानपणी एकमेकांचे मनगट घट्ट धरले होते, त्यांस संकटाच्या वेळी ते पुन्हा धरण्यास कोणी शिकवावे लागले नाही, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर काही वर्षांनी, ऐन शिमग्यात, मास्तर गेले. त्यांस मूलबाळ नव्हते. तिरडीस खांदा कोणी द्यावा, हा प्रश्न नात्यागोत्यांत निघाला, पण तो अर्ध्या घटकेत मिटला. कारण चारही वाड्यांतले त्यांचे गडी दारात येऊन उभे होते, आणि ते कोणास विचारावयास थांबले नाहीत.