मुलींचा गट आणि खुला पट

दिव्या देशमुख आणि रौनक साधवानी दोघंही नागपूरचे बुद्धिबळपटू आणि दोघांचाही जन्म डिसेंबर २००५ मधला. रौनक २०१९ मध्ये, तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. दिव्याला तो किताब मिळायला जुलै २०२५ उजाडला. ही तफावत कुवतीची आहे असं मानणाऱ्यांनी आधी रेटिंगचं गणित मांडून पाहावं. बरोबरीच्या खेळाडूला हरवलं तर वीसच्या गुणकाने दहा गुण मिळतात. चारशेने कमी असलेल्याला हरवलं तर दोनही नाहीत. ग्रँडमास्टरच्या नॉर्मसाठी, म्हणजे त्या किताबाकडे नेणाऱ्या पायरीसाठी, तर २६०० ची कामगिरी लागते, तीही तगड्या प्रतिस्पर्ध्यांसमोर. मुलींच्याच गटात, बहुधा कमी रेटिंगच्या प्रतिस्पर्ध्यांशी, खेळत राहिलेली मुलगी ढाली जिंकते, पण तिचं रेटिंग मुंगीच्या पावलांनी चढतं. म्हणून माझ्या मते प्रशिक्षकाने मुलींची अजिंक्यपद स्पर्धा हा वर्षाचा एक टप्पा मानावा आणि बाकीचे महिने खुल्या गटाला द्यावेत.

मग मुलींचा गट हवाच कशाला, असं विचारलं जातं. ज्युडिट पोल्गार महिलांच्या स्पर्धांपासून दूर राहूनच मोठी झाली, हे खरं. पण तिचं अख्खं घर बुद्धिबळाला वाहिलेलं होतं. ते किती मुलींच्या वाट्याला येतं? जिल्हा, राज्य, राष्ट्रीय या पायऱ्यांवर मुलींसाठी राखलेली जागा नसेल, तर पुष्कळ जणी दहाव्या वर्षीच पट मिटतील. दिव्याही २०१४ मध्ये डर्बनला दहा वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली होती. आणि एकही नॉर्म हाती नसताना तिला ग्रँडमास्टर केलं ते बाटुमीच्या महिला विश्वचषकातल्या विजेतेपदानेच.

दुसरा आक्षेप पालकांचा: खुल्या गटात हरून मुलगी खचेल. ही काळजी मी हलकी मानत नाही. पण २०२४ चं वर्ष पाहा. जानेवारीत वाइक आन झेच्या स्पर्धेतल्या चॅलेंजर्स गटात, पुरुषांबरोबर खेळताना, दिव्या तळाच्या भागात राहिली. जूनमध्ये गांधीनगरला ती अकरापैकी दहा गुणांनी ज्युनिअर मुलींची जगज्जेती झाली; सप्टेंबरमध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये संघाचं आणि तिसऱ्या पटावरचं, अशी दोन सुवर्णपदकं. जानेवारीच्या हारींमुळेच हे यश आलं, असा दावा मी करणार नाही. त्या हारींनी तिचं काही बिघडलं नाही, एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं, आणि पालकांना तेवढं कळलं तरी माझं काम भागतं.