स्वयंपाकघरात राहिलेली भाषा

इटलीच्या उत्तरेला, डोलोमाइट डोंगरांत वाल बादिया नावाचं खोरं आहे. इथल्या बहुतेकांची घरची भाषा इटालियन नाही आणि जर्मनही नाही. ती आहे लादिन. रोमन काळातल्या बोलीभाषेतून आलेली ही भाषा आज आसपासच्या मोजक्या खोऱ्यांत मिळून साधारण ३० हजार लोक बोलतात.

मागच्या सप्टेंबरात आम्ही नवरा-बायको तिथल्या एका शेतकरी कुटुंबाकडे जेवायला गेलो. आदल्या दिवशी फोन करायचा, घरात जे शिजेल ते खायचं, अशी पद्धत. मांस खात नाही हे फोनवरच सांगून ठेवलं होतं. जेवणाची खोली म्हणजे भिंतीपासून छतापर्यंत सगळं लाकूड आणि कोपऱ्यात मोठी शेगडी. तिच्यात सरपण घालतात ते भिंतीपलीकडून, त्यामुळे खोलीत धूर येत नाही.

आधी सातूचं सूप आलं, त्याला 'पानिचा' म्हणतात. एरवी त्यात धुरावलेलं मांस असतं, आमच्यासाठी नुसत्या भाज्या घातल्या होत्या. सोबत राय धान्याचा पाव. त्याचा वास ओळखीचा वाटला म्हणून विचारलं, तर त्यात मेथीच्याच जातीची एक वनस्पती वाळवून घालतात. मग गरमागरम 'तुर्तरेस'. दोन पातळ पोळ्यांमध्ये पालक आणि ताज्या चीजचं सारण, कडा दाबून बंद केलेल्या आणि तेलात तळलेल्या. ताट रिकामं झालं की आजी आणखी एक वाढायच्या. 'नको' हा शब्द त्यांना कुठल्याच भाषेत कळत नसावा.

वाढायला त्यांची सून होती. शेजारच्या टेबलाशी जर्मन, मिलानहून आलेल्या सायकलवाल्यांशी इटालियन, आमच्याशी इंग्रजी आणि स्वयंपाकघराकडे वळली की लादिन. नऊ-दहा वर्षांचा मुलगा तिच्या हाताखाली होता. आतून आजी काहीतरी मागायच्या आणि तो नेमकं तेच उचलून न्यायचा.

हे खोरं पहिल्या महायुद्धापर्यंत ऑस्ट्रियात होतं. १९१९ च्या तहाने ते इटलीकडे गेलं. पुढे मुसोलिनीच्या राजवटीत सगळ्यांवर इटालियन लादली गेली. आता लादिनला कायद्याचं संरक्षण आहे. तरी शाळेत निम्मे विषय इटालियनमधून, निम्मे जर्मनमधून आणि लादिनला आठवड्याला दोन तास.

"दोन तासांत भाषा येते?" मी विचारलं.

ती म्हणाली, "लिहायला येते. बोलायला इथे येते." मग थोडं थांबून म्हणाली, "माझे दीर मिलानला असतात. त्यांच्या मुलांना सगळं कळतं, पण ती उत्तर इटालियनमध्ये देतात. आजी त्यांच्याशी हळूहळू कमी बोलायला लागल्या."

हे वाक्य बेळगाव, इंदूर, बडोद्यातल्या कितीतरी घरांत जसंच्या तसं बसेल. 'कळतं पण बोलत नाही' हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्यात एका आजीचं बोलणं कमी होत जातं, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

दोन्हीकडची मुलं एकाच आजीची नातवंडं. फरक एवढाच, की खोऱ्यातल्या मुलाला लादिनमध्ये रोज काम सांगितलं जातं. त्याला ती भाषा वापरावीच लागते, नाहीतर चुकीचं भांडं आत जाईल. मिलानच्या मुलांशी लादिनमध्ये फक्त गप्पा होतात आणि गप्पा कुठल्याही भाषेत मारता येतात.

आपण मुलांसाठी मराठी पुस्तकं आणतो, स्नेहसंमेलनात त्यांना नाटुकल्यात उभं करतो. ते चांगलंच आहे. पण येत्या दिवाळीत करंज्या करताना त्यांना पाटाशी बसवून बघा. सारण किती भरायचं, साटा कसा लावायचा, मुरड कशी घालायची, कातण कुठे ठेवलंय, हे सगळं मराठीतच सांगा. चार करंज्या तेलात फुटतील. पण हे शब्द शिकायची दुसरी जागा आपल्या गावांत फारशी उरलेली नाही, आणि शिकवणाऱ्या आज्या अजून घरात आहेत.