अब्बांसाठी फ्लॉवरचा पिझ्झा

पोरांनी ताटात सोडून दिलेल्या पिझ्झाच्या कडा अब्बांनी खाल्ल्या, तिथून हे सगळं सुरू झालं.

रमजानचा पहिला आठवडा होता. आम्ही दोघी जावा, आमची मिळून चार पोरं, त्यातली मोठी दोघं रोजे धरत होती. दिवसभर उपाशी राहिलेल्या पोरांनी मगरिबनंतर काही मागितलं तर नाही म्हणवत नाही. त्यांनी पिझ्झा मागितला. बेकरीतून मैद्याचे तयार बेस आणले, तव्यावर भाजून दिले. पोरांनी मधलं चीज-चीज खाल्लं आणि जाड कोरड्या कडा ताटात तशाच ठेवल्या. अब्बा, म्हणजे आमचे सासरे, तरावीहहून परतले तेव्हा ताटं अजून मोरीत गेली नव्हती. टाकलेलं अन्न त्यांना कधीच बघवत नाही. त्यांनी सगळ्या कडा गोळा केल्या आणि ओट्याशी उभ्या उभ्या चहात बुडवून खाल्ल्या. दोन तासांनी अम्मीनं त्यांचं बोट टोचलं. यंत्रावर २७१ आकडा आला.

अम्मी काही बोलल्या नाहीत. यंत्र डबीत ठेवलं आणि दिवा घालवला. त्यांचं न बोलणं जास्त लागतं, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आमचं घर बागवानांचं. कराडच्या मंडईत अब्बांचा भाजीचा गाळा आहे. घरात दखनी, गाळ्यावर मराठी. आदल्या पावसाळ्यात क्रेटचा खिळा लागून त्यांच्या पायाला जखम झाली, ती महिना झाला तरी भरेना, तेव्हा साखर असल्याचं कळलं. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय याच दुखण्यानं गुडघ्याखाली कापावा लागला होता. त्यामुळे घर घाबरलं आणि घाबरलेलं घर करतं तेच आम्ही केलं. अब्बांचं सगळं वेगळं काढलं. वेगळी भाजी, वेगळा चहा, वेगळं ताट. आमच्याकडे पूर्वीपासून एका मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवायची रीत, अब्बा मध्ये आणि नातवंडं दोन्ही बाजूंना. ते वेगळं ताट आल्यापासून अब्बा आमच्या आधीच जेवून उठायला लागले. "मला काय, उकडलेलं खायचंय. तुम्ही बसा सावकाश."

त्यातच डॉक्टरांनी त्या वर्षी रोजे धरू नका म्हणून सांगितलं. जखम नुकती भरत होती, गोळ्यांचं प्रमाण अजून बसत होतं. अब्बांनी फिदिया दिला, पण मनातून ते फार दुखावले. अजान व्हायच्या आधी दस्तरखान मांडला की ते उठून मशिदीत जायचे आणि इफ्तारी उरकल्यावरच परत यायचे. "रोजाच नाही, तर इफ्तारीला कुठल्या तोंडानं बसू?" आम्ही सुना, आम्ही काय समजावणार? सहा वर्षांच्या धाकट्या नातवानं एकदा विचारलं, "दादा आपल्यावर रागावलेत का?"

तर त्या २७१ च्या दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवलं की मैद्याशिवाय पिझ्झा करून बघायचा. फ्लॉवर किसून त्याचा बेस करतात हे आम्ही मोबाइलवर पाहिलेलं होतं. साधा हिशेब होता. शंभर ग्रॅम मैद्यात पंचाहत्तर ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, म्हणजे जी पोटात गेल्यावर साखर होते ती. शंभर ग्रॅम फ्लॉवरमध्ये पाच. ज्वारीची भाकरी चालते म्हणून आपण साखरेच्या माणसाला पोटभर वाढतो. तिच्यात मैद्यापेक्षा चोथा जास्त हे खरं, पण ज्वारी हेही धान्यच आहे आणि तिसऱ्या भाकरीला तीही आकडा चढवते. फ्लॉवर तर गाळ्यावर ढिगानं पडलेला. हंगाम संपत आलेला, भाव उतरलेला.

पहिल्या दिवशी उपमा झाला. त्याला दुसरं नाव नाही. फ्लॉवर किसला, उकळत्या पाण्यात शिजवला, चाळणीत निथळला, अंडं आणि चीज घालून तव्यावर थापला. उलटायला गेलो तर अर्धा तव्यावर, अर्धा उलथन्यावर. पोरांनी चमच्यानं खाल्ला आणि उरलेला उद्या डब्यात देऊ नका असं बजावलं.

दुसऱ्या दिवशी तांदळाचं पीठ घालायचा मोह झाला. घातलं की बेस छान जमतो, यात शंका नाही. बाजारात फ्लॉवरचे म्हणून जे तयार बेस मिळतात त्यांच्या पाकिटावर मागे वाचलं तर बऱ्याचदा तांदळाचं पीठ किंवा मक्याचा स्टार्च निघतो. मग फ्लॉवर किसायचे कष्ट तरी कशाला? आम्ही मोह आवरला आणि पुन्हा उपमाच केला.

आमची फजिती अब्बा दारातून बघत होते. चाळणीत निथळणारा तो लगदा त्यांनी दोन बोटांनी दाबला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "फ्लॉवरमध्ये किती पाणी असतं ते मला विचारा. पाणी विकूनच हे घर बांधलंय."

खरंच, फ्लॉवरच्या शंभर भागांत ब्याण्णव भाग पाणी असतं. चाळीस वर्षं भाजी हाताळणाऱ्या माणसाला ते आकड्यांशिवाय माहीत होतं आणि आम्ही दोन दिवस त्यात आणखी पाणी घालून शिजवत होतो. अब्बांनी अम्मीकडून चक्का टांगायचा जुना सुती पंचा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी गाळ्यावरून स्वतः निवडून दोन गड्डे आणले. गड्डा हातात जड लागला पाहिजे, कळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या, फुटून मोकळ्या झालेल्या नकोत. आणि गाळ्यावर आम्ही भाजीवर पाणी मारतो ना, ताजी दिसावी म्हणून, तसं मारलेला गड्डा तर अजिबात नको. (हे गिऱ्हाइकांना सांगायचं नसतं, पण आता लिहून गेलो.)

मग जे जमलं ते असं. किलोभराचा गड्डा पाला आणि दांडा काढला की साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास उरतो. तुरे मोकळे करून हळद-मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, अळी असली तर वर येते. कपड्यानं कोरडे करून बारीक किसणीवर किसायचे. पाण्यात शिजवायचं नाही. चाळणीवर पाच-सहा मिनिटं वाफ द्यायची आणि परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यायचं, कारण गरम असताना पिळवत नाही, हात भाजतात आणि पाणी आतच राहतं. गार झाल्यावर पंच्यात बांधून पिळायचं, मग वजनाखाली ठेवायचं, मग पुन्हा पिळायचं. आता झालं असं वाटलं की आणखी एकदा. आमच्याकडे हे काम अब्बांनी घेतलं. वजनाचा दगड गाळ्यावरचाच, पाच किलोचा. पातेल्यात पेलाभर पाणी निघालं आणि कीस जवळजवळ निम्मा झाला. ते पाणी फेकू नये, डाळीत घालावं.

बांधायला काय, हा प्रश्न अम्मीनं सोडवला. त्या सीख कबाबात पंढरपुरी डाळं कुटून घालतात, खिमा सुटू नये म्हणून. तेच इथे घातलं. डाळं म्हणजे भाजलेला हरभरा, धान्य नव्हे, कडधान्य, आणि ओल झटकन शोषून घेतं. एका बेसला दोन मोठे चमचे डाळ्याची पूड, एक अंडं, मूठभर किसलेलं चीज, लसूण, मिरपूड आणि चिमूटभर ओवा. फ्लॉवरनं पोट फुगतं, म्हणून ओवा सोडू नका. मीठ घालत नाही. चीज खारटच असतं आणि आमच्या घरात दोघांना रक्तदाबही आहे.

चीजबद्दल एक सांगायला हवं, कारण शेजारच्या खालांनी हेच विचारलं होतं. दूध साकळवून चीज करायला रेनेट लागतं आणि ते पूर्वी वासराच्या पोटातून काढत. ते जनावर कसं कापलेलं, हे आपल्याला कुठून कळणार? पाकिटावर हिरवा ठिपका असेल तर त्यात जनावराचं रेनेट नाही. तेवढं बघून घ्यावं.

आमच्याकडे ओव्हन नाही. जाड तव्यावर तेल लावलेला बटर पेपर, त्यावर पाव इंच जाडीचा बेस हातानं थापायचा, कडा जरा जाड ठेवायच्या कारण त्या आधी करपतात. मंद आचेवर, झाकण न ठेवता, दहा-बारा मिनिटं. झाकण ठेवलंत तर वाफ धरते आणि पुन्हा उपमा. कडा सुटून तांबूस झाल्या की वर ताट पालथं घालून उलटायचा आणि दुसरी बाजूही तशीच भाजायची. ओव्हन असेल तर २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. दोन्ही बाजूंनी भाजून झाल्याशिवाय वर काहीही घालू नका. वरचा खिमाही कोरडा परतलेला हवा. कांदा, सिमला मिरची, चीज घालून शेवटची पाच मिनिटं मात्र झाकण.

त्या संध्याकाळी अजानला दहा मिनिटं असताना अब्बा नेहमीसारखे टोपी घालून निघाले. आमच्यातल्या धाकटीनं धीर करून म्हटलं, "अब्बा, पाणी तुम्ही काढलंय. जमलं की नाही ते बघायला नको का?" ते दारात थांबले. अम्मीनं थाळा मध्ये ठेवला, पिझ्झा अख्खा त्यातच. अब्बांचं ताट त्यांनी मांडलंच नाही. अब्बा जरा वेळ उभे राहिले, मग चपला काढून येऊन बसले, नातवंडांनी सरकून मध्ये जागा केली होती तिथे. अजान झाली, पोरांनी खजूर तोंडात टाकला. अब्बांनी फक्त पाणी घेतलं, आणि मग पहिला तुकडा धाकट्याच्या हातात देऊन दुसरा स्वतः घेतला. तो मोडला नाही.

"हा पिझ्झा नाही, हे भजं आहे," धाकट्यानं निकाल दिला. तो अगदीच चुकीचा नव्हता. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ साली युनेस्कोनं जगाच्या वारशात धरली, त्यांनी आमचा तवा पाहिला तर तेही हेच म्हणतील. मैद्याचा ताणला जाणारा, चिवट घास यात नाही आणि येणारही नाही. पण खमंग आहे, हातात धरून खाता येतो, आणि त्या दिवशी थाळ्यात एकही कड उरली नाही.

मात्र रात्री आकडा आला १९८. आम्ही दोघी रडवेल्या झालो. मैद्यापेक्षा कमी, पण हिशेबापेक्षा खूप जास्त. पूर्ण बेसमध्ये मिळून चाळीसेक ग्रॅम कर्बोदकं, आणि अब्बांनी त्यातले आठातले तीन तुकडे खाल्लेले. मग कुठून आली? अम्मीला चष्मा लावून सगळी पाकिटं वाचायची सवय लागली आहे. त्यांनी सॉसची बाटली उचलली. घटकांच्या यादीत पहिल्या दोन-तीन नावांतच साखर. आणि आम्ही बेसवर पळीभर पसरलेला, वर पोरांनी दादांच्या तुकड्यावर प्रेमानं आणखी ओतलेला.

तेव्हापासून सॉस घरचा. चार पिकले टोमॅटो, लसूण, लाल तिखट, थोडं तेल, पळीतून पडणार नाही इतकं आटवलेलं. पुढच्या वेळी त्याच तीन तुकड्यांवर आकडा १५२ आला. हा आमच्या अब्बांचा आकडा आहे, प्रत्येकाचा वेगळा येईल. आपल्या घरात कुणी करणार असेल तर पहिल्यांदा खाल्ल्यावर दोन तासांनी तपासून बघावं, आणि एका चांगल्या आकड्यावर गोळ्या कमी करण्याचा शहाणपणा करू नये. रोज करायचा पदार्थही नाही हा. चीजचं तेल आणि मीठ आहेच, शिवाय पिळणाऱ्याचे हात दुखतात. आम्ही आठवड्यातून एकदा करतो, जुम्म्याला. कोबीचा करून पाहिला, तो थालीपिठाकडे झुकतो, पण चांगला. दुधीत पाणी फ्लॉवरपेक्षाही जास्त, तो नाद आम्ही सोडला. रताळ्याचा सुंदर होतो आणि साखरेच्या माणसाला उपयोगाचा नाही.

उरलेल्या रमजानात अब्बा इफ्तारीला घरी बसले. पिझ्झा नसेल त्या दिवशीही. वेगळं ताट फळीवर गेलं आणि आम्ही सगळ्यांचीच भाजी त्यांच्या भाजीसारखी करायला लागलो, जे आधीच करायला हवं होतं. ईदच्या आदल्या दिवशी नानखटाईचे पत्रे घेऊन बेकरीच्या भट्टीवर गेलो, तेव्हा एका पत्र्यावर फ्लॉवरचे दोन बेस थापून नेले. भट्टीवाल्या चाचांनी ते बराच वेळ निरखले. "यात मैदा विसरलात," म्हणाले. पण भट्टीत तो जसा भाजला तसा तव्यावर कधी भाजला नाही.

पुढच्या वर्षी डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलून अब्बांना रोजे धरू दिले. हिवाळ्यात गाळ्यावर ते आता घट्ट, कोरडे गड्डे वेगळे काढून मागच्या क्रेटमध्ये ठेवतात. त्यांच्यावर पाणी मारत नाहीत. एखादी बाई आपल्या घरात साखर आहे असं बोलता बोलता म्हणाली की मागे वळून गड्डा काढतात आणि विचारतात, "ताई, घरी सुती पंचा आहे का?"