गॅस न पोचलेल्या गावात

आयर्लंडमधल्या आमच्या स्लायगोत गॅसची पाइपलाइन नाही. शेजारच्या मेयो परगण्याच्या किनाऱ्यावर डिसेंबर 2015 पासून समुद्रातल्या कॉरिब क्षेत्राचा वायू येतो, पण तिथून निघालेली पाइपलाइन दक्षिणेला गॉलवेकडे वळली. त्यामुळे आमच्याकडे परसात केरोसीनची टाकी आणि थंडीच्या तोंडावर टँकरवाल्याला फोन, हा रिवाज. आम्ही घेतलेलं सत्तरच्या दशकातलं घर दुरुस्तीला काढलं, तेव्हा सगळ्यात जास्त खल झाला तो ते गरम कशावर ठेवायचं यावर.

तेलाचा नवा बॉयलर सगळ्यात सोपा. लिटरभर केरोसीनमधून साधारण दहा युनिट उष्णता निघते, म्हणजे तेल काही कमअस्सल नाही. पण इथला कार्बन कर कायद्यानेच दरवर्षी वाढत 2030 मध्ये टनामागे 100 युरोवर जायचा आहे. शिवाय युक्रेनचं युद्ध पेटल्यावर तेल कसं भडकलं होतं, ते आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. एलपीजीची मोठी टाकी बहुतेक वेळा पुरवठादाराच्याच मालकीची, म्हणजे त्याच्या दावणीला बांधून घेणं आलं. दलदलीतून कापून वाळवलेलं टर्फ इथे पिढ्यान्‌पिढ्या जळत आलंय आणि त्याचा वास लोकांना माहेरासारखा वाटतो. मला मात्र मुलांच्या छातीत तो धूर नको होता.

राहिला हीट पंप. उलटा चालवलेला फ्रिजच तो: बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून आत आणतो. युनिटभर विजेवर तीनेक युनिट ऊब मिळते, पण रेडिएटरमधलं पाणी चाळीसच्या आसपास ठेवलं तरच. जुन्या बॉयलरसारखं सत्तरला नेलं की बिल फुगलंच. म्हणजे खरा प्रश्न यंत्राचा नाहीच, घराच्या गळतीचा आहे, आणि हे पटवून द्यायला मी आता कोणाशीही भांडायला तयार असते.

गळती तपासायला आलेल्या माणसाने पुढच्या दारात कापड ताणून पंखा बसवला आणि घरातली हवा बाहेर खेचायला लागला. मी प्लगच्या खोबणीजवळ हात धरला, तर बोटांवर सरळ वारा! जिन्याखालच्या कपाटात जुना पाइप आत येतो तिथे तळहाताएवढं भोक होतं. त्या माणसाने तिथे सोडलेली धुराची बारीक रेघ जोरात आत झेपावली. अटलांटिकचा वारा इतकी वर्षं याच वाटेने घरात येत होता.

मग पैसा आधी तिकडे गेला. माळ्यावर ऊब धरणाऱ्या लोकरीचा 300 मिलिमीटर थर, दोन भिंतींमधल्या पोकळीत भरण, नव्या खिडक्या. त्यासोबत हवा खेळती ठेवणारी यंत्रणाही हवीच. रोजचा कुकर, फोडण्या, घरातच वाळणारे कपडे, एवढी वाफ बंद घरात कोंडली तर कोपऱ्यांत बुरशी धरते. खर्च आवरायला लोक नेमकं हेच गाळतात. ते अजिबात गाळू नये.

आईला अजून पटत नाही. “अगं, घरात कोणी नसताना चालू कशाला ठेवायचं?” गिझर तापला की बटण बंद, ही आपली शिस्त. हीट पंपाला मंद, सलग चालणं मानवतं. बंद करून गारठलेलं घर पुन्हा तापवताना त्याचीच दमछाक होते.

पंप बसवणाऱ्याने चिमणी बुजवायला सांगितलं होतं, तिथून ऊब निघून जाते म्हणून. मी ऐकलं नाही. 24 जानेवारी 2025 ला एओविन वादळाने देशातल्या 7 लाख 68 हजार जोडण्यांची वीज घालवली, आणि आमच्या पश्चिमेकडे काही घरं दोन आठवड्यांहून जास्त अंधारात होती. तेलाचा बॉयलरही तेव्हा गप्पच; त्याचा पंप विजेवरच फिरतो. म्हणून बंद दाराची, बाहेरची हवा घेणारी लाकडाची छोटी शेगडी ठेवली. लाकूड मागच्या शेडमध्ये रचलंय, आणि ओलावा वीस टक्क्यांखाली आल्याशिवाय त्यातला एकही ओंडका मी पेटवू देत नाही.